मात्रा आणि शील

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दारू चालते का, आणि चालत असेल तर किती, हा प्रश्न मला कामावर सतत ऐकावा लागतो. मी नागपुरात आहारतज्ज्ञ आहे. बॅरिॲट्रिक सर्जरीचे पेशंट ऑपरेशनच्या आधी आणि नंतर माझ्याकडे येतात. पाणी कसं प्यायचं, प्रोटीन किती घ्यायचं, पोळी कधी सुरू करायची, हे सगळं विचारून होतं. मग बायको औषधं आणायला बाहेर गेली की आवाज थोडा खाली येतो : ‘‘मॅडम, अन् ते... थोडीशी चालते का?’’

प्रश्न वैद्यकीय आहे आणि त्याचं वैद्यकीय उत्तर मी देते. पण मी बौद्ध आहे. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर होती. पांढरं लुगडं नेसून ती त्या गर्दीत उभी राहिली. बाबासाहेबांनी त्या दिवशी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा होती. आजीला त्या सगळ्या पाठ नव्हत्या, पण ही एक तिने घरात कडक पाळली आणि पाळायला लावली. मजुरीचे पैसे गुत्त्यावर संपणारी घरं तिने आजूबाजूला पाहिली होती. तिच्यासाठी ही प्रतिज्ञा पोरांच्या शाळेच्या फीची आणि बाईच्या पाठीवर न पडणाऱ्या माराची हमी होती. आज इंदोऱ्यातल्या विहारात मी त्रिशरण-पंचशील म्हणते तेव्हा पाचव्या शीलाशी आले की मला आजी आठवते.

म्हणून तो प्रश्न माझ्यापुढे दोन बाजूंनी उभा राहतो. जिने न पिण्याचं शील घेतलं आहे, तिने दुसऱ्याला ‘सुरक्षितपणे कसं प्यावं’ हे सांगावं का? बुद्धाने उपासकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्र, प्राणी, मांस आणि विष यांच्या जोडीला मद्यही आहे. मी दारू विकत नाही हे खरं. पण ग्लासात किती ओतावं याचा सल्ला देणं त्या व्यापाराच्या किती जवळ जातं? या प्रश्नाचं उत्तर मी शोधत आले आहे, आणि ते मला दोन ठिकाणी मिळालं : शस्त्रक्रियेनंतरच्या पोटात आणि आपल्याच परंपरेतल्या एका जुन्या वादात.

आधी पोट. माझ्या टेबलावर औषध मोजायचा प्लास्टिकचा छोटा कप असतो, ३० मिलिलिटरचा. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराचा वरचा भाग वेगळा करून जी लहान पिशवी बनवतात तिच्यात सुरुवातीला साधारण एवढंच मावतं. ऑपरेशननंतर पेशंट याच कपाने घोटघोट पाणी प्यायला शिकतो. बारमध्ये लहान पेगचं मापही हेच, ३० मिलिलिटर. हा कप मी त्यांच्यापुढे ठेवते आणि विचारते, आधीच्या पोटात एवढी दारू गेली तर काय व्हायचं, आणि आता काय होईल?

आधी जठरात दारू थांबायची. जेवण झालेलं असेल तर आणखी थांबायची. जठराच्या खालच्या तोंडाशी असलेली झडप तिला हळूहळू पुढे सोडायची, आणि जठराच्या अस्तरातलं एक एन्झाइम तिचा थोडा भाग तिथेच मोडून टाकायचं. बायपासनंतर ती पिशवी थेट लहान आतड्याला जोडलेली असते. वाटेत ती झडप नाही आणि थांबायला जागा नाही. दारू आतड्यात उतरते आणि काही मिनिटांत रक्तात चढते. स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात. तिथे झडप राहते, पण उरलेली नळी लवकर रिकामी होते, म्हणून सावधगिरी तीच सांगावी लागते. शिवाय वजन उतरलेल्या शरीरात दारू पातळ करायला पाणीही आधीपेक्षा कमी असतं. लिव्हरचा वेग मात्र वाढत नाही. ते तासाला जेवढं जाळायचं साधारण तेवढंच जाळतं.

अमेरिकेत सेंट लुईच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बायपास झालेल्या बायकांना त्यांनी दोन ड्रिंक इतकी दारू दिली आणि रक्त तपासलं. रक्तातलं प्रमाण चार ड्रिंक घेतल्यासारखं चढलेलं होतं. त्यांच्या हिशोबातलं एक ड्रिंक म्हणजे सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा लार्ज पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम. आणि ‘मी तर फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी : ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे दोन लार्ज पेग. त्यात बिअरचा गॅस, जो नव्या पोटाला आधीच सोसत नाही.

आपल्याकडे गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणं गुन्हा आहे. बायपास झालेला माणूस एखादा पेग घेऊनही ही रेषा ओलांडू शकतो. त्याच्या मनात मात्र पेगचा जुना हिशोब असतो. ‘एवढ्याने मला काही होत नाही’ हे वाक्य ज्या पोटाच्या अनुभवावर उभं होतं, ते पोट आता राहिलेलं नाही.

आता तो जुना वाद. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या अभिधर्मकोशाच्या भाष्यात मद्यपानाबद्दल एक चर्चा आहे. मद्यपान मुळातच, स्वभावतःच दोषयुक्त आहे, की ते निषिद्ध केलं आहे म्हणून दोष? विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचे, जाणकार म्हणतात, ते स्वभावतःच दोषयुक्त आहे. अभिधर्माचे जाणकार म्हणतात, तसं नाही. हत्या, चोरी, व्यभिचार, असत्य ही कर्मं मुळातच वाईट. मद्य वर्ज्य केलं ते या बाकीच्या शीलांच्या रक्षणासाठी, कारण शुद्ध हरपलेला माणूस कुठलंही शील राखू शकत नाही. पहिल्या नजरेत हा दुसरा पक्ष सैल वाटतो. दोष द्रवात नसेल तर मग थोडी घ्यायला काय हरकत? पण हाच पक्ष पुढे म्हणतो की गवताच्या टोकावर मावेल एवढा थेंबसुद्धा वर्ज्य आहे. का? तर किती मात्रेने माणूस झिंगेल हे निश्चित नसतं.

हे मी प्रथम वाचलं तेव्हा मला माझी ओपीडी दिसली. मात्रा निश्चित नसते, हेच तर मी दिवसभर सांगत असते! बायपास झालेल्या दोन माणसांना एकच पेग सारखा चढत नाही. एकाच माणसाला तो सहाव्या महिन्यात आणि तिसऱ्या वर्षी सारखा चढत नाही. रिकाम्या पोटी, जागरणानंतर, शुगरची गोळी घेतलेली असताना, पुन्हा वेगळा. ज्याला ‘माझी लिमिट मला माहीत आहे’ असं वाटतं त्याचा तो विश्वास शस्त्रक्रियेने काढून घेतलेला असतो. सुमारे दीड हजार वर्षं जुना तो युक्तिवाद या पेशंटच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे.

पंचशीलातली बाकीची चार शीलं फक्त काय टाळायचं ते सांगतात. पाचवं शील कारणही सांगतं : मद्य हे बेसावधपणाचं ठिकाण आहे. विनयात सागत नावाच्या भिक्खूची गोष्ट येते ती याच कारणाची. सागताकडे ऋद्धी, म्हणजे अलौकिक शक्ती, होती. जटाधारी तापसाच्या आश्रमात राहणाऱ्या एका भयंकर नागाला त्याने धुराला धुराने आणि आगीला आगीने उत्तर देऊन नमवलं. ही कीर्ती कौशांबीला पोचली. तिथल्या उपासकांनी मोठ्या भक्तीने घरोघरी मद्य तयार ठेवलं, आणि सागत भिक्षेला आला तेव्हा प्रत्येक दारात त्याला ते पाजलं. नगराबाहेर पडताना तो वेशीतच कोसळला. भिक्खूंनी उचलून आणून बुद्धाच्या दिशेला डोकं करून झोपवलं, तर तो शुद्धीवर नसताना वळला आणि त्याचे पाय बुद्धाकडे झाले. बुद्धाने भिक्खूंना विचारलं, हा पूर्वी माझ्याशी आदराने वागत होता ना? आत्ता वागतो आहे का? यानेच नागाला नमवलं होतं ना? आत्ता साधा पाणसर्प तरी याच्याने आवरेल का? आणि मग मद्यपानाविरुद्धचा नियम घालून दिला.

या गोष्टीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. सागताला पाजणारे त्याचे वैरी नव्हते, त्याच्यावर प्रेम करणारे लोक होते. आणि तो एका घरात कोसळला नाही. प्रत्येक दारात थोडं थोडं झालं. आमच्याकडे ऑपरेशननंतर वर्षभराने तीस-चाळीस किलो उतरवलेला माणूस लग्नाला जातो तेव्हा हेच घडतं. भाऊ म्हणतो, काय हिरो झालास, ये बस. साळा म्हणतो, एक माझ्या नावाचा. नागासारखा अवघड आजार ज्याने नमवला, त्याच्या सगळ्या मेहनतीचं कौतुक म्हणून त्याच्या हातात ग्लास दिला जातो.

दुसरं वर्ष धोक्याचं असतं, हे नुसतं माझं निरीक्षण नाही. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत मिळून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दारूच्या विकाराचं प्रमाण पहिल्या वर्षी वाढलेलं दिसलं नाही, दुसऱ्या वर्षी वाढलं. हे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. त्याच लोकांचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा बायपास झालेल्यांपैकी सुमारे दर पाच जणांत एकाला पाच वर्षांच्या आत दारूच्या विकाराची लक्षणं सुरू झालेली आढळली. त्यातल्या अनेकांना ऑपरेशनआधी हा त्रास नव्हता.

याचं एक कारण शरीरात आहे. जी गोष्ट लवकर चढते तिची सवयही लवकर लागते. दुसरं कारण बुद्धाने दुसऱ्या आर्यसत्यात सांगितलं आहे. पुष्कळ पेशंट अनेक वर्षं रात्रीचं एकटेपण, ऑफिसातला अपमान, घरातली कटकट जेवणावर काढत आलेले असतात. सावजी मटणाचं अख्खं ताट, वर गोड. सर्जनने जठर लहान केलं, भूक वाढवणारं हार्मोन कमी झालं, ताट आता चार घासांत संपतं. पण ज्या दुःखासाठी ते ताट लागत होतं ते तसंच आहे. चार घासांवर थांबणारं पोट दारूला अडवत नाही. तृष्णेला तेवढी वाट पुरते. म्हणून मी पेशंटला ‘किती घेता’ याच्या आधी ‘पूर्वी जास्त केव्हा खायचात’ हे विचारते. उत्तर ‘रात्री, सगळे झोपल्यावर’ असं आलं की मी फाइलवर खूण करते.

आता माझ्या मूळ शंकेकडे येते. आमच्याच वस्तीतला, टेम्पोचा धंदा करणारा एक माणूस. बायपास होऊन दीड वर्ष झालेलं. प्रत्येक वेळी ‘मॅडम, मी घेतच नाही’ म्हणायचा. एकदा त्याची बायको एकटी आली. पुतण्याच्या हळदीत एका पेगवर तो मांडवात पडला होता आणि लोकांना वाटलं अशक्तपणा आहे. नंतर तो आला तेव्हा मान खाली घालून म्हणाला, ‘‘ताई, तुम्ही विहारात भेटता. तुम्हाला कसं सांगू?’’

त्या वाक्याने मला माझं उत्तर मिळालं. माझं शील त्याच्या आणि खऱ्या माहितीच्या मध्ये उभं राहिलं होतं. तो खोटं बोलत होता म्हणून मला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं म्हणून मी त्याला सांगितलं नव्हतं की वारंवार उलट्या होत असताना दारू प्यायली तर व्हिटॅमिन बी-१ फार झपाट्याने संपतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवड्यांचा असतो, आणि तो संपला की डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागतं, चालताना तोल जातो, विचारात गोंधळ होतो. लोक म्हणतात, चढली आहे. प्रत्यक्षात मेंदूला कायमची इजा होऊ शकते, आणि अशा वेळी दवाखान्यात बी-१ वेळेवर देणं फार मोलाचं असतं. बायपास झालेल्या पोटात जोडाच्या जागी अल्सर होण्याची शक्यता असते. सिगारेट आणि पेनकिलर तो धोका वाढवतात, आणि दारू अशा जखमेला आणखी डिवचते. जेवण न करता प्यायल्यास शुगर एकदम खाली येऊ शकते आणि तीही नशाच वाटते. हे सगळं त्याला ठाऊक असणं आवश्यक होतं. विहारात भेटणाऱ्या ताईची लाज त्याच्या आड आली.

मी त्याला म्हटलं, ‘‘भाऊ, पाचवं शील मी माझ्यासाठी घेतलं आहे. त्याचा हिशोब मी तुम्हाला मागत नाही. चौथं मात्र आपण दोघं इथे पाळू. तुम्ही मला खरं सांगा, मी तुम्हाला खरं सांगते.’’

मद्यात मुळातच पाप आहे असं मी मानत असते, तर मला त्याच्याशी मात्रेबद्दल बोलता आलं नसतं. मी ‘पिऊ नका’ एवढंच म्हणून हात झटकले असते, आणि तो पुढेही प्यायला असता, फक्त न सांगता. पण विनयातच भिक्खूच्या औषधी तेलात, रंग, वास किंवा चव जाणवणार नाही इतपत मद्य चालतं अशी मुभा आहे. म्हणजे नियम करणाऱ्याची नजर द्रवापेक्षा शुद्धीवर होती. शील ज्या गोष्टीशी लढतं ती बेसावधपणा असेल, तर जो पिणारच आहे त्याला सावध करणं हे त्या शीलाचंच काम आहे. व्यापारी ग्लास भरावा म्हणून बोलतो. मी तो माणूस मरू नये म्हणून बोलते. या दोन्हीतला फरक मला पुरेसा वाटतो.

म्हणून मी सांगते ते असं. ऑपरेशननंतर पहिले सहा महिने एक थेंबही नाही, आणि शक्यतो पूर्ण वर्ष नाही. पोट बरं होत असतं आणि वजन झपाट्याने उतरत असतं. ज्याला आधी व्यसन होतं, ज्याचं लिव्हर बिघडलेलं आहे, ज्या बाईला गर्भ राहिला आहे किंवा राहू शकतो, त्यांच्यासाठी कायमचं शून्य. बाकीच्यांनाही माझी विनंती न पिण्याचीच, कारण तुमची मात्रा मला आधी सांगता येत नाही आणि तुम्हालाही नाही. तरीही कधी घेतलीच तर रिकाम्या पोटी नाही, सोड्यात किंवा कोल्ड्रिंकमध्ये नाही, एकट्याने नाही. लहान पेगच्या पुढे नाही, आणि तोही सावकाश. गाडीची चावी आधीच दुसऱ्याच्या हातात. सोबत निदान एक असा माणूस, ज्याला तुमचं ऑपरेशन माहीत आहे. व्हिटॅमिनच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि पुढच्या वेळी मला खरं सांगायचं.

यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य मला सारखंच धार्मिक वाटतं. शील पाळणाऱ्याने बेसावध माणसाकडे पाठ फिरवली तर त्याचं शील फक्त त्याच्या स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी उरतं. आजीच्या पिढीने दारूविरुद्ध लढताना व्यसनी माणसाला घराबाहेर टाकलं नाही. त्याची मजुरी हातात घेतली, त्याला जेवायला वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांच्याकडून कडकपणा घ्यायचा तर ही चिकाटीही घ्यावी लागेल.

माझं मागणं दोघांकडे आहे. दवाखान्यांनी दारूबद्दलचा प्रश्न फक्त ऑपरेशनआधीच्या फॉर्मवर ठेवू नये. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या वर्षीच्या फॉलो-अपलाही तो विचारावा, बायकांनाही विचारावा, आणि नातेवाईक बाहेर असताना विचारावा. आणि आपल्या विहारांनी पाचव्या शीलावर बोलताना ज्याचं ते मोडलं आहे त्याला डोळ्यांसमोर ठेवून बोलावं. पंचशील आपण एकदाच घेऊन थांबत नाही, प्रत्येक वंदनेत नव्याने घेतो. नव्याने घ्यायची ही रीत असण्यामागे माणूस घसरतो याची जाण आहे. घसरलेल्याला रविवारी मागच्या रांगेत लपून बसावं लागत असेल, तर आपण पाचवं शील म्हणतो खरं, पण ते ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचवत नाही.